दोन पासपोर्टांवरचा प्रवास

दोन देशांचे नागरिकत्व असलेल्या व्यक्तीने दोन्ही देशांचे पासपोर्ट जवळ ठेवून केलेला परदेशप्रवास. मराठीत पासपोर्टला पारपत्र असा शब्द आहे, पण तो सरकारी कागदावरच राहिला. घरात, टूर कंपनीत आणि विमानतळावर सगळे पासपोर्टच म्हणतात, म्हणून या नोंदीतही तोच वापरला आहे. या प्रवासाचा मूळ नियम सोपा आहे. ज्या देशाचे आपण नागरिक आहोत तिथे त्याच देशाचा पासपोर्ट दाखवायचा, आणि कोणत्याही देशात ज्या पासपोर्टवर शिरलो त्याच पासपोर्टवर तो देश सोडायचा. भारतीय कुटुंबांची गफलत होते ती याच्याही एक पायरी आधी, आपल्याला दोन पासपोर्ट ठेवता येतात का या प्रश्नावर.

भारतीय नागरिकाला ते ठेवता येत नाहीत. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार, ज्या भारतीयाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले त्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. अर्ज करावा लागत नाही, कोणाची सही लागत नाही. अमेरिकेत नागरिकत्वाची शपथ घेतली की त्याच दिवशी ते संपते. हातातल्या भारतीय पासपोर्टाची मुदत अजून सात वर्षे शिल्लक असली तरी तो त्या दिवसापासून प्रवासाला चालत नाही. ग्रीन कार्डाचे तसे नाही. ते कायम वास्तव्याचा परवाना आहे, नागरिकत्व नव्हे. ग्रीन कार्ड असलेला नाशिककर भारतीयच असतो आणि भारतीय पासपोर्टवरच फिरतो.

नाशिकरोड आणि पासपोर्टची पुस्तिका

पासपोर्टशी नाशिकचे नाते इतर शहरांपेक्षा जवळचे आहे. भारतीय पासपोर्टाच्या कोऱ्या पुस्तिका नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापल्या जातात. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उभ्या राहिलेल्या या मुद्रणालयात टपाल तिकिटे आणि मुद्रांकही छापतात. शेजारी चलनी नोटांचा छापखाना आहे. गावात दोन्हींना मिळून नुसते ‘प्रेस’ म्हणतात. ‘वडील प्रेसमध्ये होते’ एवढे म्हटले की नाशिकरोड, जेलरोड, देवळाली भागात पुढचे काही सांगावे लागत नाही. चिप बसवलेले नवे ई-पासपोर्टही इथेच तयार होतात. मुखपृष्ठावर खालच्या बाजूला असलेल्या छोट्या सोनेरी चिन्हावरून ते ओळखू येतात.

पिढ्यान्‌पिढ्या पासपोर्ट छापणाऱ्या या गावातली मुले आज अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात स्थायिक आहेत, आणि त्यांच्या मुलांच्या हातात दुसऱ्या देशांच्या पुस्तिका आहेत. त्यामुळे हा विषय इथे घरोघरी निघतो.

जुना निळा पासपोर्ट

परदेशी नागरिकत्व घेतल्यानंतर जुना भारतीय पासपोर्ट जमा करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. परदेशात असाल तर तिथल्या भारतीय दूतावासात आणि भारतात असाल तर पासपोर्ट कार्यालयात. याला बोलीभाषेत ‘सरेंडर सर्टिफिकेट’ म्हणतात आणि पुढे ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीची नोंदणी, काढताना हा कागद मागितला जातो. पुष्कळांचा जीव इथे अडकतो. कपाटाच्या लॉकरमध्ये आईच्या मंगळसूत्राच्या डबीशेजारी ती निळी पुस्तिका असते. पहिल्या पानावर पंचविशीतला फोटो, शेवटच्या पानावर आईवडिलांची नावे आणि नाशिकचा पत्ता. ती देऊन टाकायची कल्पनाच नको वाटते. ही भावना खरी आहे आणि तिला हसण्याचे कारण नाही. पण रद्द केलेली पुस्तिका सहसा शिक्का मारून परत मिळते, म्हणजे आठवण घरातच राहते. ती रद्द न करता वापरणे मात्र गुन्हा आहे. पारपत्र अधिनियम, १९६७ नुसार भारतीय नागरिक नसताना नागरिकत्वाची माहिती दडवून पासपोर्ट मिळवणाऱ्याला एक ते पाच वर्षांची कैद आणि दंड होऊ शकतो. ‘मुंबईला उतरताना हा दाखवू, तिकडे तो दाखवू’ असा सल्ला देणारे नातेवाईक प्रत्येक घरात भेटतात. तो ऐकू नये.

सरसकट गोंधळ होतो अशी आणखी एक गोष्ट. जुन्या, मुदत संपलेल्या भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा शिल्लक असेल तर तो रद्द पासपोर्ट आणि नवा पासपोर्ट असे दोन्ही सोबत नेतात. ही दोन पासपोर्टांची जोडी असली तरी दोन्ही एकाच देशाचे आहेत, म्हणून ती पूर्ण कायदेशीर आहे. नागरिकत्वाशी तिचा संबंध नाही.

ओसीआय म्हणजे काय, काय नाही

‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ या नावात सिटिझन शब्द असल्याने अनेक जण याला दुहेरी नागरिकत्व समजतात. ते तसे नाही. २००५ पासून मिळू लागलेली ही नोंदणी म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात येण्याचा आजीवन व्हिसा आणि काही सवलती. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे पूर्वीचे पीआयओ कार्ड २०१५ मध्ये यातच विलीन झाले. ओसीआयधारकाला मतदान करता येत नाही, घटनात्मक पदे भूषवता येत नाहीत. कितीही दिवस राहिला तरी पोलिसांकडे परदेशी म्हणून नोंद करावी लागत नाही, ही मोठी सोय. पत्रकारिता, धर्मप्रचार, गिर्यारोहण अशा कामांसाठी मात्र आगाऊ परवानगी लागते.

नाशिक जिल्ह्यात सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न शेतीचा. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत भागातल्या द्राक्षबागायतदारांची मुले परदेशात गेली आहेत. ओसीआयधारकाला फ्लॅट, बंगला, दुकान विकत घेता येते. शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र शेतजमीन मिळू शकते. म्हणजे वडिलांची बाग मुलाच्या नावावर वारसाने चढू शकते, पण शेजारच्या गटातले दोन एकर तो खरेदी करू शकत नाही. परदेशी नागरिकत्वाचा अर्ज भरण्याआधी हा हिशोब भावाभावांनी एकत्र बसून करावा, कारण शपथ झाल्यावर तो बदलत नाही.

मॉरिशसमधल्या मराठी समाजालाही ओसीआयचा मार्ग खुला आहे. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात तिकडे गेले. तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ही सोय वाढवण्याची घोषणा मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या मॉरिशस दौऱ्यात झाली. गोव्यात प्रश्न वेगळा आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले गोमंतकीय आणि त्यांचे वंशज पोर्तुगालमध्ये आपली जन्मनोंद करून तिथले नागरिक होऊ शकतात, आणि तसे झाले की भारतीय पासपोर्टचा हक्क जातो.

दोन पासपोर्ट खरोखर कसे वापरतात

ज्यांच्याकडे दोन बिगरभारतीय नागरिकत्वे आहेत त्यांच्यासाठी हा विषय प्रत्यक्षात येतो. एक प्रवास पाहू. आई मूळची नाशिकरोडची, वडील फ्रेंच, मुलगी लंडनमध्ये जन्मलेली आणि वाढलेली. तिच्याकडे ब्रिटिश आणि फ्रेंच असे दोन पासपोर्ट आहेत, आणि आईमुळे ओसीआय कार्ड. ओसीआय कार्डावर एका पासपोर्टाचा क्रमांक असतो. तिच्या कार्डावर ब्रिटिश पासपोर्टाचा आहे. म्हणून भारतापुरता तिचा पासपोर्ट ब्रिटिशच.

लंडनहून मुंबईला निघताना विमान कंपनीचा कर्मचारी एवढेच पाहतो की हिला भारतात शिरता येईल का. ती ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय दाखवते. मुंबईच्या इमिग्रेशनला तेच दोन कागद. मग गाडीने कसारा घाट चढून नाशिक, आजीकडे तीन आठवडे. परतीला तिला पॅरिसला काकांकडे जायचे आहे. इथे घोळ होतो. मुंबईत चेक-इनच्या काउंटरवर कर्मचारी फ्रान्समध्ये प्रवेश कसा मिळणार हे विचारतो, म्हणून तिथे ती फ्रेंच पासपोर्ट पुढे करते. दहा मिनिटांनी इमिग्रेशनचा अधिकारी वेगळे पाहतो : ही भारतात कोणत्या पासपोर्टवर आली? तिथे पुन्हा ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय. अधिकाऱ्याने दुसऱ्या पासपोर्टबद्दल विचारले तर तो काढून दाखवायचा. दोन देशांचे नागरिकत्व तिला त्या दोन्ही देशांच्या कायद्याने मिळालेले आहे, लपवण्यासारखे त्यात काही नाही. लपवले तरच शंका येते.

पॅरिसला उतरल्यावर ती युरोपीय नागरिकांच्या रांगेत फ्रेंच पासपोर्टने जाते. ब्रिटिश पासपोर्टने गेली तर तिच्या मुक्कामाला १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा लागू धरली जाईल. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश नागरिक त्या मोजणीत येतात, आणि ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बिगर-युरोपीय प्रवाशांची बोटांचे ठसे व फोटोसह संगणकीय नोंद सुरू झाली आहे. फ्रेंच नागरिक म्हणून तिला यातले काहीच लागू नाही. लंडनला परत जाताना ती गार द्यू नोर स्थानकावरून युरोस्टार रेल्वे पकडते. या स्थानकात फ्रान्सची बाहेर पडण्याची तपासणी आणि ब्रिटनची आत येण्याची तपासणी काही पावलांच्या अंतरावर आहेत. पहिल्या खिडकीत ती फ्रेंच पासपोर्ट दाखवते, तो पर्समध्ये ठेवते, चार पावले चालते आणि दुसऱ्या खिडकीत ब्रिटिश पासपोर्ट देते. तिच्या फ्रेंच पासपोर्टवर भारताचा एकही शिक्का नाही, आणि ते बरोबरच आहे.

या सगळ्यात विमान कंपनीला दिलेली माहिती महत्त्वाची. तिकिटावरील नाव आणि आगाऊ भरलेला पासपोर्ट क्रमांक उतरायच्या देशाच्या यंत्रणेकडे आधीच जातो. म्हणून बुकिंग करताना उतरायच्या देशात जो पासपोर्ट दाखवणार त्याचाच क्रमांक भरावा, आणि काउंटरवर दोन्ही पासपोर्ट हाताशी ठेवावेत.

नावांची भानगड

मराठी माणसाला सर्वाधिक त्रास होतो तो नावाचा. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे. एका देशाने वडिलांचे नाव पहिल्या नावाला जोडले, दुसऱ्याने गाळले, तर दोन पासपोर्टवर दोन वेगळी माणसे दिसतात. लग्नानंतर सासरचे आडनाव घेतलेल्या बाईच्या एका पासपोर्टवर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव राहिले की काउंटरवर तिकीट अडते. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत सोबत ठेवावी. आणि शक्य असेल तर पुढच्या नूतनीकरणात दोन्ही पासपोर्टांवरचे नाव एकसारखे करून घ्यावे, ते कायमचे औषध. जन्मतारखेचेही तसेच. गावाकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेले हजारो लोक आज आजी-आजोबा आहेत. नातवाच्या ओसीआयसाठी त्यांचे कागद लागतात तेव्हा शाळेचा दाखला आणि पासपोर्ट यांच्या तारखा जुळत नाहीत, असे हमखास घडते.

लहान मुले

अमेरिकेत जन्मलेल्या नातवाला पहिल्यांदा नाशिकला आणायचे ठरते तेव्हा आजी विचारते, “त्याचा इकडचाही पासपोर्ट काढून ठेवू ना, असू दे की!” उत्तर नाही असे आहे. परदेशात भारतीय आईवडिलांना झालेल्या मुलाचा जन्म एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदवून त्याला भारतीय नागरिक करता येते, पण त्या वेळी मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईवडिलांना लिहून द्यावे लागते. दुसरीकडे अमेरिकेचा कायदा सांगतो की अमेरिकी नागरिकाने, मग तो तान्हा का असेना, अमेरिकेत येता-जाता अमेरिकी पासपोर्टच वापरावा. दोन्ही अटी एकाच बाळाकडून पाळल्या जाऊ शकत नाहीत. म्हणून अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय हा सरळ रस्ता. कायद्याने जन्मतःच दोन्ही नागरिकत्वे असलेल्या मुलाला सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत दुसरे नागरिकत्व सोडावे लागते, नाहीतर भारतीय नागरिकत्व जाते.

देशोदेशींचे नियम

कॅनडाने २०१६ पासून हे काटेकोर केले : कॅनडाचा नागरिक दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर तिकडच्या विमानात बसू शकत नाही, अमेरिकी पासपोर्ट असलेल्यांचा अपवाद सोडून. ऑस्ट्रेलियाही आपल्या नागरिकांनी ऑस्ट्रेलियन पासपोर्टवरच ये-जा करावी असे सांगतो. ब्रिटिश नागरिकाला ब्रिटनचा ईटीए हा परदेशी पाहुण्यांसाठीचा प्रवास परवाना मिळतच नाही, त्यामुळे ब्रिटिश पासपोर्टाची मुदत संपू देणे महागात पडते. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व सरसकट मान्य केले. जपान, चीन, सिंगापूर आणि नेपाळ भारताप्रमाणेच ते नाकारतात.

संकटात कोण मदत करणार, हा प्रश्न प्रवासाआधी विचारावा. नागरिकत्वाविषयीच्या १९३० च्या हेग कराराने घालून दिलेले तत्त्व असे की, दुहेरी नागरिकत्व असलेल्या व्यक्तीला दोन्ही देश आपलीच नागरिक मानू शकतात, आणि एक देश दुसऱ्याविरुद्ध तिच्या बाजूने उभा राहू शकत नाही. इराण दुहेरी नागरिकत्व मानतच नाही, त्यामुळे तिथे अडकलेल्या इराणी-ब्रिटिश व्यक्तीपर्यंत ब्रिटिश दूतावासाला पोहोचणे कठीण जाते. दक्षिण कोरियात पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे आणि ती दुहेरी नागरिकत्व असलेल्या तरुणालाही गाठू शकते. भारतात मात्र ओसीआयधारक कायद्याने परदेशीच असल्याने त्याला त्याच्या दूतावासाची मदत मिळते. नाशिकमध्ये पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग मुंबईतला संबंधित वाणिज्य दूतावास, आणि नवा पासपोर्ट हाती आल्यावर ओसीआयच्या पोर्टलवर त्याची प्रत चढवणे, हा क्रम. तिकीट त्यानंतरच काढावे.