भाड्याचं भांडण, बोअर युद्धातली टेकडी आणि अ‍ॅनफिल्ड

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या अ‍ॅनफिल्ड मैदानाच्या एका कोपऱ्यावर, गोलमागच्या 'कॉप' नावाच्या स्टँडला लागूनच, झेंड्याचा एक उंच खांब आहे. सामन्याच्या दिवशी 'खांबापाशी भेटू' म्हटलं की कुणाला जास्त सांगावं लागत नाही. पहिल्यांदा येणारे बहुतेक जण त्याच्याकडे न बघताच पुढे जातात. हा खांब म्हणजे 'ग्रेट ईस्टर्न' नावाच्या जहाजाच्या डोलकाठीचा वरचा भाग आहे. ब्रुनेल या इंग्रज इंजिनियरचं हे लोखंडी जहाज 1858 मध्ये पाण्यात उतरलं, तेव्हा एवढं मोठं जहाज जगात दुसरं नव्हतं. प्रवासी वाहतुकीत त्याने मालकांना पार बुडवलं, पण समुद्राच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकायला त्याच्याएवढं पोट दुसऱ्या कुठल्याच जहाजाला नव्हतं. 1870 मध्ये मुंबई ते एडन ही केबल टाकली ती याच जहाजाने. पुढे 1889-90 च्या सुमारास लिव्हरपूलजवळच्या मर्सी नदीच्या काठावर त्याची मोडतोड झाली आणि डोलकाठीचा हा तुकडा फुटबॉलच्या मैदानावर येऊन उभा राहिला. मुंबईहून अ‍ॅनफिल्डला सामना बघायला जाणाऱ्याने या खांबाला एकदा हात लावावा, असं मला मनापासून वाटतं.

अ‍ॅनफिल्डवर डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टी बहुतांशी अशाच आल्या आहेत. कुणी बसून आराखडा केला नव्हता. काही भांडणातून आल्या, काही युद्धाच्या बातम्यांतून, आणि सर्वांत मोलाच्या गोष्टी तिथे उभं राहणाऱ्या माणसांनी घडवल्या.

आधी सामन्याच्या वेळेचं बघू. इंग्लंडमध्ये फुटबॉलची खरी वेळ म्हणजे शनिवार दुपारी तीन. ही वेळ गिरणीच्या भोंग्याने ठरवली. 1850 च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या बायकांचं आणि अल्पवयीन मुलांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवणं बंधनकारक झालं. ती गेली की बाकीची गिरणी चालायची कशी? हळूहळू शनिवारची अर्धी सुट्टी इतर धंद्यांतही पसरली. कामावरून सुटायचं, पोटात काहीतरी ढकलायचं आणि तीनपर्यंत मैदान गाठायचं, असा क्रम बसला. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती 1890 मध्ये. त्याच सुमारास अ‍ॅनफिल्डवर शनिवारी हजारोंची गर्दी लोटत होती. कामगाराच्या हातात स्वतःचा असा वेळ आल्याशिवाय कुठलाच खेळ लोकांचा होत नाही.

मात्र तेव्हा त्या मैदानावर लिव्हरपूल खेळत नव्हतं. खेळत होतं एव्हर्टन, याच शहरातला दुसरा क्लब.

1884 मध्ये अ‍ॅनफिल्ड सुरू झालं ते एव्हर्टनचं घर म्हणून. त्यामागे जॉन होल्डिंग हा दारूभट्टीचा मालक आणि शहरातलं बडं राजकीय प्रस्थ होतं. मैदानाजवळचं सँडन हॉटेल त्याचंच होतं. खेळाडू तिथे कपडे बदलायचे आणि प्रेक्षक त्याची बिअर प्यायचे. एव्हर्टनने 1891 मध्ये याच मैदानावर खेळून लीगचं विजेतेपद मिळवलं. क्लब मोठा होत गेला तसं भाडंही वाढत गेलं, वर्षाला 100 पौंडांवरून 250 पौंडांपर्यंत. मग जमीनच क्लबने विकत घ्यावी असा प्रस्ताव आला, आणि त्याच्या अटी सभासदांना पटेनात. भाडेकरू नि जागामालकाचं भांडण असतं तसंच ते होतं. 1892 मध्ये एव्हर्टनने चंबूगबाळं आवरलं आणि स्टॅनली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्क उभं केलं.

होल्डिंगकडे मैदान उरलं आणि संघ नव्हता. 'एव्हर्टन' हे नाव तरी आपल्याकडे राहावं म्हणून त्याने धडपड केली, तीही फसली. मग त्याने नवा संघच काढला आणि त्याला शहराचं नाव दिलं. 1 सप्टेंबर 1892 रोजी लिव्हरपूल आपला पहिला सामना रॉदरहॅम टाउनविरुद्ध खेळलं आणि 7-1 ने जिंकलं. सुरुवातीच्या संघात स्कॉटलंडहून आणलेले इतके खेळाडू होते की त्यांच्या 'मॅक'ने सुरू होणाऱ्या आडनावांवरून लोक त्याला 'मॅक लोकांचा संघ' म्हणायचे. अंगावरचे कपडे होते निळे-पांढरे. लाल रंग आला 1896 मध्ये. आज जो लाल रंग बघून लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, तो पहिली चार वर्षं नव्हताच.

कॉपची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे आपलाही एक धागा आहे. 1906 मध्ये लिव्हरपूल दुसऱ्यांदा लीग जिंकलं. त्यानंतर गोलच्या मागे मातीचा आणि राखेचा मोठा उतार रचून उभं राहायला पायऱ्या केल्या. अर्नेस्ट एडवर्ड्स या स्थानिक क्रीडा संपादकाने त्याला 'स्पिऑन कॉप' असं नाव सुचवलं. मूळचा स्पिऑन कॉप म्हणजे दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतातली एक टेकडी. आफ्रिकान्स भाषेत त्याचा अर्थ साधारण 'टेहळणीची टेकडी' असा होतो. जानेवारी 1900 मध्ये बोअर युद्धात, म्हणजे इंग्रज आणि तिथले डच वंशाचे बोअर यांच्या लढाईत, ती काबीज करायला गेलेल्या इंग्रज पलटणी वरच्या उघड्या सपाटीवर अडकल्या आणि शेकडो सैनिक मेले. त्यात लँकेशायरच्या पलटणींतले खूप होते, म्हणजे लिव्हरपूल आणि आसपासच्या घरांतली मुलं.

त्याच टेकडीवरून जखमींना स्ट्रेचरवर घालून खाली आणणाऱ्यांत मोहनदास गांधी होते. नाताळमधल्या हिंदी लोकांचं सुमारे 1,100 जणांचं शुश्रूषा पथक त्यांनी उभं केलं होतं. त्यात बहुसंख्य लोक गिरमिटिया मजूर होते. जखमींना घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालावं लागे. लँकेशायरच्या ज्या पोरांच्या आठवणीत अ‍ॅनफिल्डचा स्टँड उभा आहे, त्यांच्यातल्या कुणाला तरी हिंदी मजुराच्या खांद्यावरून खाली उतरवलं गेलं असणार. हा विचार मनात आला की कॉपकडे नुसता एक स्टँड म्हणून बघता येत नाही.

हे नाव आधी लंडनमध्ये आर्सेनलच्या जुन्या मैदानावरच्या उतारालाही दिलं गेलं होतं, आणि इंग्लंडमधल्या इतर मैदानांवरही कॉप आहेत. पण नुसतं 'कॉप' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अ‍ॅनफिल्डच येतं. 1928 मध्ये त्यावर छप्पर चढलं आणि जवळजवळ 30 हजार माणसं एकाच उतारावर उभी राहू लागली. गोलची संधी आली की अख्खा उतार पुढे सरकायचा, पाय जमिनीवरून सुटायचे, आणि आपण उभे होतो तिथून दहा-बारा पायऱ्या खाली पोचल्याचं नंतर कळायचं. चक्कर आलेल्या माणसाला डोक्यांवरून हातोहात खाली पोचवत. या मैदानावरची सर्वांत मोठी गर्दी आहे 61,905, फेब्रुवारी 1952 मध्ये वुल्व्हजविरुद्ध.

डिसेंबर 1959 मध्ये बिल शँकली व्यवस्थापक म्हणून आले तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत रखडला होता. कोळसा खाणीच्या गावातला हा माणूस गर्दीशी आपल्यातलाच म्हणून बोलायचा. 1962 मध्ये क्लब वर चढला, 1964 मध्ये लीग आली, 1965 मध्ये एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा. 1964 मध्येच शँकलींनी सदऱ्याबरोबर चड्डी आणि मोजेही लाल केले. मैदानात उतरण्याच्या जिन्यावरची 'धिस इज अ‍ॅनफिल्ड' ही पाटी त्यांच्याच काळातली.

गाणं मात्र शँकलींनी आणलं नाही आणि क्लबनेही नाही. 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे मुळात 1945 च्या एका अमेरिकन संगीत नाटकातलं. 1963 मध्ये गेरी अँड द पेसमेकर्स या लिव्हरपूलच्याच पोरांनी ते म्हटलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. तेव्हा सामन्याआधी मैदानावर त्या आठवड्यातली लोकप्रिय गाणी लावत आणि कॉप त्यांच्याबरोबर गायचा. नवी गाणी आली की जुनी सुटायची. हे गाणं यादीतून उतरलं तरी लोकांनी सोडलं नाही. आजही खेळ सुरू होण्याआधी लाल मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरले जातात, ध्वनिक्षेपकावरचा आवाज विरतो आणि शेवटच्या ओळी नुसत्या माणसांच्या गळ्यातून येतात. 1982 मध्ये शँकलींच्या स्मरणार्थ दरवाजा उभारला, त्याच्या कमानीवर लोखंडात घडवलेले शब्द हेच आहेत.

15 एप्रिल 1989 बद्दल लिहिताना हात जड होतो. लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, एफए कपची उपांत्य फेरी, शेफिल्डचं हिल्सबरो मैदान. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांच्या आदेशाने बाहेर पडायचं एक फाटक उघडलं. लोक समोरच्या बोगद्यातून सरळ मधल्या कुंपणबंद भागात शिरले, जो आधीच खच्चून भरला होता. पुढे मैदानाच्या बाजूला लोखंडी जाळी होती. खेळ सुरू होऊन सहा मिनिटं झाली आणि तो थांबवावा लागला. 97 माणसं गेली. शेवटचा मृत्यू 2021 मधला, त्या दिवशीच्या इजांनी बत्तीस वर्षांनंतर ओढून नेलेला.

पोलिसांनी दोष प्रेक्षकांवर ढकलला. 'द सन' या वर्तमानपत्राने चार दिवसांनी पहिल्या पानावर मेलेल्यांची आणि वाचलेल्यांची बदनामी छापली. लिव्हरपूलमध्ये त्या पेपरवर आजही लोकांचा बहिष्कार आहे. कुटुंबं लढत राहिली. 2012 मध्ये स्वतंत्र समितीने पोलिसांची लपवाछपवी उघड केली आणि 2016 मध्ये ज्युरीने हे मृत्यू बेकायदा ठरवून प्रेक्षकांचा काहीही दोष नसल्याचा निर्वाळा दिला. तरीही कुणीही तुरुंगात गेलं नाही. हा अन्याय आहे, आणि त्याला दुसरा शब्द नाही.

दुर्घटनेनंतरच्या दिवसांत लोक अ‍ॅनफिल्डवर फुलं घेऊन आले, आणि अर्धं मैदान फुलांखाली गेलं. स्टॅनली पार्कातून गुडिसनपासून अ‍ॅनफिल्डपर्यंत निळे आणि लाल मफलर एकमेकांना बांधून साखळी केली गेली. 1892 ला भाड्यावरून तुटलेले दोन शेजारी असे जोडले गेले. आज मेन स्टँडच्या बाजूला 97 नावांचं स्मारक आहे, तिथे ज्योत तेवत असते. सामन्याच्या दिवशी बाहेर कितीही गलका असला तरी त्या दहा पावलांत लोक आवाज उतरवतात. नावांवरून बोट फिरवणारी माणसं दिसतात. फोटो काढण्याआधी आपण क्षणभर थांबावं. 1985 मध्ये ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलच्या प्रेक्षकांच्या चालून जाण्यामुळे 39 जण, बहुतेक इटालियन, मेले, त्यांच्यासाठीही अ‍ॅनफिल्डवर स्मृतिफलक आहे. क्लबवर प्रेम करणाऱ्याने तोही शोधून वाचला पाहिजे.

हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या 1990 च्या अहवालामुळे मोठ्या मैदानांवर सर्वांना बसायला जागा देणं सक्तीचं झालं. 30 एप्रिल 1994 रोजी कॉप शेवटचा उभा राहिला. नॉर्विचविरुद्ध लिव्हरपूल 0-1 ने हरलं, आणि सामना संपल्यावरही लोकांचा पाय निघेना. नव्या कॉपमध्ये सुमारे साडेबारा हजार माणसं बसतात. आता काही भागात कठडा असलेल्या खुर्च्या आहेत, तिथे सुरक्षितपणे उभंही राहता येतं.

मैदान वाढलं ते शेजारच्या घरांना रेटून. केमलिन रोडवर दोन बहिणींनी वर्षानुवर्षं घर विकलं नाही, तोवर तिथल्या स्टँडचा विस्तार अडून राहिला. नव्वदच्या दशकापासून मेन स्टँडच्या मागच्या गल्लीतली घरं एकेक करून विकत घेतली गेली, खिडक्यांना पत्रे ठोकले गेले आणि वस्ती उजाड होत गेली. राहणाऱ्यांनी त्याविरुद्ध कित्येक वर्षं तक्रारी केल्या. आज तिथे 2016 चा भव्य स्टँड आहे, आणि अ‍ॅनफिल्ड रोडच्या बाजूचं काम झाल्यावर एकूण क्षमता 61 हजारांवर गेली आहे. भव्य स्टँड बघताना त्या विटांच्या घरांचीही आठवण ठेवावी.

तिकिटांचं गाऱ्हाणंही जुनंच आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये 77 पौंडांचं तिकीट जाहीर झालं, तेव्हा संडरलँडविरुद्धच्या सामन्यात 77 व्या मिनिटाला हजारो लोक उठून निघून गेले. संघ 2-0 ने पुढे होता, सामना 2-2 असा सुटला. काही दिवसांत मालकांनी माघार घेतली. शनिवारी दुपारचे तीनचे सामने तर इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवायलाच बंदी आहे. प्रेक्षक घरी बसून लहान क्लबांची मैदानं ओस पडू नयेत म्हणून साठच्या दशकापासून ही प्रथा आहे. म्हणजे हिवाळ्यात पुण्यात रात्री साडेआठला जो सामना आपण सोफ्यावर बसून बघतो, तो अ‍ॅनफिल्डच्या गल्लीत राहणाऱ्या, तिकीट न परवडणाऱ्या माणसाला टीव्हीवर दिसत नाही. लांबून येणाऱ्या आपल्यासारख्यांबद्दल तिथल्या लोकांच्या मनात कधी अढी असते, ती या अंगाने समजून घ्यायला हवी.

तरीही जावं, आणि दोन तास आधी जावं. सँडहिल्स स्टेशनवरून सामन्याच्या दिवशी खास बस सुटते, पण पाय धड असतील तर स्टॅनली पार्कातून चालत या. पार्कच्या पलीकडच्या गुडिसनवरून एव्हर्टनचा पुरुष संघ 2025 मध्ये गोदीकाठच्या नव्या स्टेडियमवर गेला, त्यामुळे त्या बाजूची शनिवारची गजबज ओसरली आहे. मैदानाबाहेर काही माणसं अन्नधान्य गोळा करत असतील. 2015 मध्ये लिव्हरपूल आणि एव्हर्टनच्या चाहत्यांनी मिळून हे काम सुरू केलं, शहरातल्या गरजू घरांसाठी. येताना वाटेतल्या दुकानातून डाळीचा नाहीतर बीन्सचा एखादा डबा घ्या आणि आत शिरण्याआधी त्यांच्याकडे द्या.