बोर्डावरचे कार्ड अपेक्षित पट्ट्यात का दिसत नाही?

सोलापुरातील टॉवेल व गणवेश उत्पादकांना आम्ही जिरा (Jira) या कामांचा मागोवा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे बोर्ड लावून देतो; त्यावर प्रत्येक कामाचे एक कार्ड असते, आणि कार्डे उभ्या स्तंभांत व आडव्या पट्ट्यांत मांडलेली असतात. तेव्हा पुढे सर्वाधिक विचारणा होते ती ‘कार्ड गायब झाले’ अशी. कार्ड बहुधा बोर्डावरच असते; आपण शोधतो त्या पट्ट्याच्या वरच्या पट्ट्याने ते आधीच घेतलेले असते.

कार्ड कोणत्या स्तंभात बसणार हे कामाच्या स्थितीवरून, म्हणजे रंगाई, विणकाम, शिलाई किंवा पॅकिंग यांवरून ठरते आणि तेथे सहसा घोळ होत नाही. आडवे पट्टे मात्र फिल्टरच्या अटींवर आधारलेले असतील, तर जिरा त्या अटी वरून खाली तपासते, पहिली अट लागू पडताच कार्ड तेथे ठेवते आणि खालची अट लागू पडत असली तरी ते पुन्हा दाखवत नाही. समजा, ‘निर्यात’ हा पट्टा वर आणि ‘तातडीचे’ हा खाली आहे. परदेशी जाणाऱ्या टर्किश टॉवेलची तातडीची ऑर्डर ‘निर्यात’मध्येच राहते, आणि केवळ ‘तातडीचे’ पाहणाऱ्या पर्यवेक्षकाला ती दिसतच नाही. कार्ड ओढून खालच्या पट्ट्यात नेता येत नाही. कार्डांचे रंगही अटींवर ठरवले असल्यास हाच नियम लागतो.

म्हणून ज्या कामाकडे दुर्लक्ष झाल्यास नुकसान होईल, त्याचा पट्टा सर्वांत वर ठेवावा. आमच्या मते अटी गुंतागुंतीच्या करण्यापेक्षा हे सोपे आहे. कोणत्याच अटीत न बसणारी कार्डे तळाच्या ‘उर्वरित’ पट्ट्यात जातात, तोही अधूनमधून पाहावा.

बोर्डाच्या वरच्या बाजूची झटपट फिल्टरची बटणे वेगळ्या रीतीने चालतात. ‘माझी कामे’ आणि ‘निर्यात’ ही दोन्ही दाबली, तर दोन्ही अटी पाळणारीच कार्डे उरतात. दोहोंपैकी कोणतीही एक अट पुरेशी हवी असेल, तर ‘किंवा’ जोडून एकच फिल्टर तयार करावा लागतो.

जे ग्राहक गिटलॅब (GitLab) हे असेच बोर्ड असलेले दुसरे सॉफ्टवेअर वापरतात, त्यांनी उलट काळजी घ्यावी: तेथे बोर्डावर लेबलानुसार याद्या केल्या असतील, तर त्यांपैकी दोन लेबले लावलेले कार्ड दोन्ही याद्यांत दिसते, त्यामुळे याद्यांची बेरीज प्रत्यक्ष कामांपेक्षा जास्त भरू शकते.

जिरामधील पट्ट्यांचा क्रम बोर्डाचे प्रशासकीय अधिकार असलेल्यालाच बदलता येतो. बदलण्यापूर्वी सध्याच्या अटींची नोंद करून ठेवावी.