आईची रेघ जुळली, बापाची तुटली

चौदाव्या शतकातलं इंग्लंड. एका मयत सरदाराचा मुलगा म्हणतोय की मी 21 वर्षांचा झालो, माझ्या जमिनी माझ्या ताब्यात द्या. खरंच 21 पूर्ण झाली का, हे ठरवायला आसपासच्या गावांतले बारा जण शपथेवर उभे केले आहेत. जन्मदाखला हा प्रकारच अस्तित्वात नाही. एक जण सांगतो, त्याच दिवशी मी घोड्यावरून पडलो आणि पाय मोडला, म्हणून पक्कं लक्षात आहे. दुसऱ्याचा स्वतःचा मुलगा त्याच आठवड्यात जन्मला होता. तिसऱ्याचं घर त्या साली जळालं. चौथा बाप्तिस्म्याच्या वेळी चर्चमध्ये मेणबत्ती धरून उभा होता. कारकून सगळं लॅटिनमध्ये उतरवून घेतो आणि मुलाला जमिनी मिळतात.

अशा ‘वयाच्या पुराव्यां’चे ढीग लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वाचायला ते फार गोड वाटतात, जुनी माणसं समोर बसून बोलतायत असं वाटतं. घोटाळा नंतर लक्षात आला. तोच मोडलेला पाय, तेच जळालेलं घर, तीच मेणबत्ती वेगवेगळ्या परगण्यांतल्या कागदांत पुन्हा पुन्हा सापडायला लागली. कारकून जुन्या नमुन्यावरून आठवणी उतरवून घेत होते आणि फक्त नावं बदलत होते. तहसील कचेरीबाहेर ज्यानं कधी प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलंय, त्याला यात फारसं नवल वाटणार नाही.

पण मुलाच्या वयाशी राजाला काय देणं-घेणं? पैशाचं. मोठ्या सरदारांच्या जमिनी कागदोपत्री राजाकडून मिळालेल्या असत. सरदार मेला की राजाचा अधिकारी चौकशी लावी: जमीन किती, कोणत्या चाकरीच्या बदल्यात, माणूस कधी मेला, वारस कोण, त्याचं वय काय? वारस अज्ञान निघाला तर जमीन आणि पोर दोन्ही राजाच्या पालकत्वाखाली जात. हे पालकत्व राजा चक्क विकत असे, पोराचं लग्न ठरवण्याच्या हक्कासकट. तेराव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा हजारो चौकश्या झाल्या. इंग्रज उमरावांच्या वंशावळींचा कणा हाच. मुळात ही महसुलाची कागदपत्रं आहेत, आणि ती तशीच वाचायला हवीत.

महसुलाच्या कागदात महसुलाला लागेल तेवढंच येतं. थोरला मुलगा हमखास सापडतो. धाकटे भाऊ अंधारात जातात. मुली दिसतात त्या भाऊ नसेल तेव्हाच, कारण मग जमीन सगळ्या बहिणींत सारखी वाटली जाई. वारसाचं वय ‘30 वर्षे आणि त्याहून अधिक’ असं मोघम लिहिलेलं असतं, आणि एकाच वारसाचं वय दोन परगण्यांत दोन निघतं. चर्चमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्या सुरू झाल्या त्या थेट 1538 मध्ये.

त्यात पुढच्या पिढ्यांनी भर घातली ती हौसेनं. 1530 ते 1688 या काळात राजाचे हेरल्ड, म्हणजे घराण्यांची चिन्हं आणि कुळं तपासणारे अधिकारी, गावोगाव फिरून वंशावळी नोंदवत. नव्यानं श्रीमंत झालेल्या प्रत्येकाला 1066 मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मंडीच्या विल्यमबरोबर समुद्र ओलांडून आलेला पूर्वज हवा होता, आणि पैसे मोजले की तो मिळेही. प्रत्यक्षात त्या स्वारीतल्या हेस्टिंग्जच्या लढाईत विल्यमच्या बाजूनं होते असं निःसंशय सांगता येईल अशी नावं वीसच्या आसपासच आहेत. जे. एच. राउंड या इतिहासकारानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या बनावट पूर्वजांची अक्षरशः कत्तल केली. तो भलताच खवट माणूस होता, पण कागद वाचण्यात त्याचा हात धरणारे थोडे.

साक्षी नेहमीच पढवलेल्या असत असं मात्र नाही. निळ्या ढालीवर सोनेरी तिरका पट्टा हे चिन्ह कुणाचं, यावरून स्क्रोप आणि ग्रॉव्हनर या दोन घराण्यांत 1385 ला खटला उभा राहिला. 1386 मध्ये साक्षीला आलेल्यांत कवी जेफ्री चॉसर होता. त्यानं सांगितलं की लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून चालताना त्याला हे चिन्ह बाहेर टांगलेलं दिसलं. स्क्रोपची मंडळी इथे उतरलीत का, असं त्यानं विचारलं, तर उत्तर आलं की हे स्क्रोपचं नाही, ग्रॉव्हनर नावाच्या चेशरच्या सरदाराचं आहे. ते नाव चॉसरनं त्याआधी कधी ऐकलंच नव्हतं. ही आठवण कुठल्या नमुन्यातून उतरवलेली वाटत नाही.

कागदाचा कस कागदानंच लावायचा, असं विसाव्या शतकापर्यंत चाललं. मग लेस्टर शहरातल्या एका कारपार्कखाली राजा सापडला.

तिसरा रिचर्ड 22 ऑगस्ट 1485 रोजी बॉसवर्थच्या लढाईत पडला, तेव्हा तो 32 वर्षांचा होता. लेस्टरमधल्या फ्रान्सिस्कन मठात त्याला घाईघाईनं पुरलं. पुढे मठ पाडला गेला आणि जागा विस्मृतीत गेली. ऑगस्ट 2012 मध्ये तिथं खोदायला सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी पायाची हाडं लागली. तिशीतला पुरुष, कणा एका बाजूला वाकलेला, मरतेवेळच्या 11 जखमा, त्यातल्या 9 कवटीवर. सगळं जुळत होतं. पण हाडांवर नाव कोरलेलं नसतं.

नाव पक्कं करायला डीएनए लागणार आणि ताडून बघायला आजचा नातेवाईक लागणार. रिचर्डचा औरस मुलगा त्याच्या आधीच, 1484 मध्ये, वारला होता. बरं, नेहमीचा डीएनए इथं कुचकामी. दर पिढीला त्यातला निम्मा गळतो. 17 पिढ्या खाली आलेल्या वंशजाच्या वाट्याला सरासरीनं एक भागिले 1,31,072 इतकाच अंश उरेल, आणि डीएनए तुकड्या-तुकड्यांनी उतरत असल्यामुळे बहुतेकदा शून्यच.

न गळणारे प्रकार दोन. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा छोटासा डीएनए असतो, सुमारे साडेसोळा हजार अक्षरांचा. तो फक्त आईकडून येतो. मुलग्यालाही मिळतो, पण त्याच्यापाशी थांबतो. पुढे नेते ती मुलगीच. दुसरं म्हणजे वाय गुणसूत्र, ते फक्त बापाकडून मुलाला जातं. उमरावांच्या वंशावळी जिच्यावर जिवापाड मेहनत घेत ती ही दुसरी रेघ: आडनाव, पदवी, ढाल, जमीन, सगळं तिच्यावरून चालत आलेलं. आईची रेघ कुणी जपली नव्हती. त्या रेघेत प्रत्येक पिढीत लग्न होतं, आडनाव बदलतं, गाव बदलतं, आणि वंशावळीत ‘एक मुलगी, हिचा विवाह अमक्याशी’ एवढ्यावर विषय संपतो.

तरी ती रेघ शोधली गेली होती, तीही वेगळ्याच कामासाठी. रिचर्डची एक बहीण मार्गारेट बेल्जियममधल्या मेखेलेनला पुरलेली. तिथल्या हाडांची ओळख पटवण्यासाठी जॉन अ‍ॅशडाउन-हिल या संशोधकानं दुसऱ्या बहिणीचा, म्हणजे एक्सेटरची डचेस अ‍ॅन हिचा, आईकडून मुलीकडे जाणारा धागा धरला आणि तो लेकीच्या लेकी करत आजच्या माणसापर्यंत आणून पोचवला. पुढे लेस्टरच्या चमूनं अ‍ॅनपर्यंत जाणारी दुसरी एक रेघ कागदोपत्री सिद्ध केली. नमुने तपासले. हाडांमधला मायटोकॉन्ड्रियल डीएनए एका वंशजाशी अक्षरन् अक्षर जुळला, दुसऱ्याशी एका अक्षराचा फरक पडला. इतक्या पिढ्यांत एवढा बदल होणारच. पाचशे वर्षं, एकही कडी चुकलेली नाही.

आता बापाची रेघ. रिचर्डचा पुरुष-परंपरेतला खापरपणजोबा म्हणजे राजा तिसरा एडवर्ड. त्याच एडवर्डपासून आणखी एका मुलाकडून, म्हणजे जॉन ऑफ गाँटकडून, बोफर्ट आणि मग सॉमरसेट घराणं येतं. बोफर्टचा पाचवा ड्यूक हेन्री सॉमरसेट (1744–1803) याच्या पुरुष-परंपरेतल्या पाच हयात वंशजांनी नमुने दिले. कागदाप्रमाणे पाचांचं वाय गुणसूत्र एकमेकांशी आणि रिचर्डशी जुळायला हवं. चौघांचं आपसात जुळलं. पाचव्याचं वेगळं निघालं. आणि रिचर्डचं यांपैकी कुणाशीच जुळलं नाही. तुरी किंग आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर 2014 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये हे सगळं मांडलं.

रिचर्डपासून वर एडवर्डपर्यंत 4 कड्या, तिथून खाली पाचव्या ड्यूकपर्यंत 15. या 19 कड्यांत कुठेतरी एकदा तरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे आहेत. यात अनौरसपणाचा संबंध नाही, ही गल्लत नेहमी होते. बोफर्ट मुलं जॉन ऑफ गाँटला लग्नाआधी कॅथरीन स्विनफर्डपासून झाली; 1397 मध्ये त्यांना औरस ठरवलं, आणि 1407 मध्ये चौथ्या हेन्रीनं त्यात ‘राजपद वगळून’ असे शब्द घुसडले. पहिला सॉमरसेट, चार्ल्स, हाही अनौरसच. पण गुणसूत्राला लग्नाची नोंद वाचता येत नाही. जन्मदाता खरा असला की पुरे. दर पिढीला शंभरात एक इतकी कमी शक्यता धरली तरी 19 कड्यांत निदान एक तुटण्याची शक्यता 17 टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे यात आश्चर्य फारसं नाही.

बातम्यांमध्ये मात्र लगेच सिंहासन डळमळलं. तूट कुठे आहे यावर सगळं अवलंबून. गाँट एडवर्डचा मुलगा नसेल (घेंटच्या खाटकाचा पोर, अशी वावडी त्याच्या हयातीतच उठली होती), तर त्याच्या वंशातले राजे चौथा, पाचवा आणि सहावा हेन्री या तिघांच्या हक्काला धक्का. तूट रिचर्डच्या बाजूच्या चारपैकी वरच्या तीन कड्यांत असेल तर रिचर्डच्या यॉर्क घराण्याला धक्का लागायला हवा, पण तो लागत नाही! कारण यॉर्कांचा दावा मुळात बायकांकडून आलेला होता: एडवर्डचा मुलगा लायनेल, त्याची मुलगी फिलिपा, तिची नात अ‍ॅन मॉर्टिमर, आणि ती रिचर्डची आजी. शिवाय रिचर्डची आई सिसिली ही गाँटचीच नात. म्हणजे एकटा तिसरा एडवर्ड रिचर्डच्या वंशवृक्षात तीन वाटांनी येऊन बसलाय. रिचर्डनंतर सातव्या हेन्रीनं गादी घेतली ती बॉसवर्थची लढाई जिंकून, आणि आजचा राजा बसलाय तो राजगादीचा वारसा ठरवणाऱ्या 1701 च्या कायद्यावर.

एकच माणूस तीन वाटांनी येतो, ही राजेरजवाड्यांची खासियत मुळीच नाही. 20 पिढ्या मागे जा, पूर्वजांच्या जागा 10,48,576 होतात. 25 पिढ्यांना सव्वातीन कोटींच्या वर. एडवर्ड 1377 ला वारला तेव्हा सगळ्या इंग्लंडची लोकसंख्या सुमारे 25 लाख. जागा जास्त आणि माणसं कमी, तेव्हा तीच तीच माणसं अनेक जागी बसणार. इंग्रज पूर्वज असलेल्या कुणी ‘आम्ही तिसऱ्या एडवर्डचे वंशज’ असं सांगितलं तर मी मान डोलावतो. बहुधा खरंच असेल. कागदानं दाखवा म्हटलं की मात्र ते थबकतात, आणि त्या एडवर्डचा एक कणभर डीएनए अंगात आहे का, हा प्रश्न तर निराळाच.

तुटलेली कडी शोधायची तर आणखी हाडं लागतील. जॉन ऑफ गाँटची कबर लंडनच्या जुन्या सेंट पॉल्समध्ये होती. 1666 च्या आगीत ती वास्तू गेली. तिसरा एडवर्ड वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत आहे, चार्ल्स सॉमरसेट विंडसरला. समजा चार्ल्सचा नमुना मिळालाच. तो आजच्या चौघांशी जुळला तर तूट चार्ल्सच्या वरच्या कड्यांत किंवा रिचर्डच्या बाजूला. रिचर्डशी जुळला तर ती चार्ल्सच्या नंतरची. आणि दोघांशीही जुळला नाही, तर एका जागी हुकलेला बाप निदान दोन जागी हुकलेला असेल.