एनसीईआरटीची पुस्तकं आणि गाळलेली पानं

जून २०२३ मध्ये राज्यशास्त्राचे अभ्यासक सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी एनसीईआरटीला, म्हणजे शालेय पुस्तकं तयार करणाऱ्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेला, पत्र लिहिलं: राज्यशास्त्राच्या पुस्तकांवरची आमची नावं काढून टाका. काटछाट इतकी झाली होती की ती पुस्तकं आपली म्हणवून घेणं त्यांना जड जात होतं. पाठोपाठ या पुस्तकांच्या कामात सहभागी असलेल्या ३३ अभ्यासकांनीही तीच मागणी केली. परिषदेने नकार दिला, कारण स्वामित्वहक्क परिषदेकडे आहे. लेखकांनी स्वतःचंच नाव खोडायला सांगावं, ही वेळ कशी आली हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

एनसीईआरटी स्थापन झाली १९६१ साली. रोमिला थापर, रामशरण शर्मा, सतीश चंद्र, बिपन चंद्र अशा नामवंत इतिहासकारांकडून शालेय पुस्तकं लिहून घेण्याची कल्पना त्याच काळातली, आणि ती चांगलीच होती. पण लिहून घेणारं, छापणारं आणि परीक्षेला लावणारं सरकारच. त्यामुळे सरकार बदललं की पुस्तकाचं काय होणार, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून त्यात होता. १९७७ मध्ये तो समोर आला. जनता पक्षाच्या सरकारात पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्यापर्यंत एक निनावी टिपण पोहोचलं. काही इतिहासग्रंथ मागे घ्यावेत, असं त्यात सुचवलं होतं. वर्तमानपत्रांतून जोरदार वाद झाला. तरीही १९७८ मध्ये शर्मांचं अकरावीचं प्राचीन भारतावरचं पुस्तक केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या (सीबीएसई) अभ्यासक्रमातून गेलं. पुढे ते परत आलं.

वाजपेयी सरकारच्या काळात पद्धत बदलली. ऑक्टोबर २००१ मध्ये केंद्रीय मंडळाने परिपत्रक काढून काही उतारे तेवढे वगळायला लावले. वैदिक काळातल्या गोमांसभक्षणाचा उल्लेख त्यात होता, गुरू तेगबहादूर यांच्याविषयीचा मजकूरही होता. वर्गात त्यावर चर्चासुद्धा नको, असं शाळांना कळवण्यात आलं. म्हणजे पान विद्यार्थ्याच्या हातात, पण शिक्षकाने ते वाचायचं नाही! त्यानंतर नवी पुस्तकं आली. २००४ साली सत्तांतर झाल्यावर तीही गेली आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानुसार, कृष्णकुमार परिषदेचे संचालक असताना, पुन्हा सगळं नव्याने लिहिलं गेलं. पळशीकर-यादव मुख्य सल्लागार असलेली पुस्तकं ती हीच. त्यांत व्यंगचित्रं होती, वर्तमानपत्रांची कात्रणं होती, मुलांनी वाद घालावा असे प्रश्न होते.

त्यातल्याच एका चित्रावरून २०१२ मध्ये भडका उडाला. शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र: संविधान नावाच्या गोगलगायीवर हातात चाबूक घेतलेले डॉ. आंबेडकर, मागे चाबूक उगारलेले नेहरू. संविधानाला एवढा वेळ का लागला, हे अकरावीच्या त्या पुस्तकात शेजारीच समजावलं होतं. पण ११ मे रोजी लोकसभेत गदारोळ झाला, मंत्री कपिल सिब्बल यांनी माफी मागितली आणि दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. चित्र पाहून दुखावलेल्यांची भावना खोटी होती असं मी म्हणणार नाही. नेहरूंचा चाबूक बाबासाहेबांवरच उगारलेला आहे, असं प्रथमदर्शनी वाटू शकतं. परंतु संसदेतल्या जवळजवळ सर्व पक्षांनी एका सुरात पुस्तकाविरुद्ध बोलावं, हे जास्त बोचणारं होतं. त्यानंतर सुखदेव थोरात समितीने बाकीची व्यंगचित्रंही तपासली. काँग्रेसप्रणीत सरकारच्या काळातली ही गोष्ट, हे आज सोयीस्करपणे विसरलं जातं.

२०२२ मध्ये कोविडनंतर मुलांवरचा भार हलका करायचा म्हणून 'सुसूत्रीकरण', म्हणजे पुस्तकांतली काटछाट, झालं. बारावीतलं मुघल दरबारांवरचं प्रकरण गेलं, गुजरात दंगलींचा मजकूर गेला, आणीबाणीवरचाही बराच गेला. दहावीतून उत्क्रांती आणि आवर्तसारणीही गेली. वगळलेल्या भागांची यादी परिषदेनेच जाहीर केली होती. मात्र एप्रिल २०२३ मध्ये लक्षात आलं की काही वाक्यं यादीत नसतानाही गायब आहेत. गोडसे पुण्याचा ब्राह्मण होता, एका जहाल हिंदू वृत्तपत्राचा संपादक होता, ही माहिती त्यांत होती. गांधीहत्येनंतर संघावर आलेल्या बंदीचा उल्लेखही उडाला होता. नजरचुकीने यादीत घालायचं राहून गेलं असेल, असं परिषदेचे संचालक म्हणाले.

बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकाच्या २०२४ च्या आवृत्तीत अयोध्येचा मजकूर चार पानांवरून दोन पानांवर आला आणि बाबरी मशिदीचं नाव जाऊन 'तीन घुमटांची वास्तू' उरली. त्या पुस्तकावर पळशीकर आणि यादव यांची नावं तशीच होती. दोघांनी पुन्हा पत्र लिहिलं आणि या वेळी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला.

२०२५ मध्ये आठवीचं नवं पुस्तक आलं. त्यातल्या मराठा साम्राज्याच्या नकाशात जैसलमेर दाखवल्यामुळे तिथल्या माजी राजघराण्याने आक्षेप घेतला, आणि परिषदेने आणखी एक तज्ज्ञ समिती नेमली.