गाडी डावीकडे खेचतेय? आधी उजवं चाक बघा

पावसाळा सरत आला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "ब्रेक मारला की गाडी डावीकडे खेचते, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) कुठे चांगलं करून मिळेल?" घोडबंदर रोडचे खड्डे सगळ्यांनीच खाल्लेले असतात, त्यामुळे संशय अलाइनमेंटवर जातो. पण ते बिघडलं असेल तर गाडी ब्रेक न दाबताही सरकते. (थोडी डावीकडे तर चांगली गाडीही जाते, कारण पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो.) पाय ब्रेकवर पडल्यावरच खेचत असेल तर भानगड बहुधा ब्रेकमध्ये, नाहीतर चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे लोअर आर्मच्या, झिजलेल्या रबरी बुशमध्ये असते.

बैलगाडीचा एक बैल अडला की गाडी त्याच्याच बाजूला वळते. कारचंही तेच. जे पुढचं चाक जास्त अडतं, तिकडे नाक वळतं. म्हणजे डावीकडे खेचणाऱ्या गाडीचा डावा ब्रेक ठणठणीत आणि उजवा आळशी असू शकतो. हजार किलोची हॅचबॅक गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या मंदनाने थांबवली, तर रस्ता तिला सुमारे ५,००० न्यूटन बलाने मागे रेटतो. वजन पुढे झुकत असल्याने त्यातला अंदाजे ७० टक्के वाटा पुढच्या चाकांचा, म्हणजे प्रत्येकी १,७५०. उजवा ब्रेक ३० टक्क्यांनी कमी पडला की फरक ५२५ न्यूटनचा. चाक मध्यरेषेपासून पाऊण मीटरवर, म्हणून गाडी फिरवणारं आघूर्ण (बल गुणिले अंतर) जवळपास ४०० न्यूटन-मीटर. स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं वाटतं ते उगाच नाही.

आता खरी गंमत. बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखा, हा पास्कलचा नियम आपण शाळेत घोकलेला असतो. मग एकच पेडल दाबून दोन चाकांत फरक कसा पडतो? नियमाची अट अशी, की द्रव स्थिर हवा. तो वाहत असताना अरुंद वाटेत दाब घटतो. कॅलिपर म्हणजे पिस्टनच्या जोरावर चाकाची डिस्क दोन पॅडांमध्ये दाबणारा चिमटा; त्याच्यापर्यंत ब्रेक ऑइल नेणारा रबरी होज (नळी) वर्षानुवर्षांनी आतून फुगतो, कधी त्याचा आतला थर सुटतो. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो! उजवा होज असा झाला की ब्रेक दाबताना उजवीकडे दाब उशिरा पोचतो आणि गाडी डावीकडे जाते. पाय उचलल्यावर उलटा खेळ. आत जाताना ऑइलच्या मागे तुमच्या पायाचा आणि बूस्टरचा जोर होता. परत येताना पिस्टनला मागे ओढायला असते फक्त त्याच्या रबरी सीलची लवचिकता, तीही मिलिमीटरच्या अंशाएवढी. ऑइल अडकतं, उजवा ब्रेक धरलेलाच राहतो आणि गाडी आता उजवीकडे झुकते. ब्रेक दाबताना एकीकडे, सोडताना दुसरीकडे असं होत असेल तर पहिला संशयित होज.

मात्र जास्त वेळा सापडते ती जाम झालेली कॅलिपर पिन. बहुतेक छोट्या गाड्यांत पिस्टन एकाच, आतल्या बाजूला असतो; बाहेरचा पॅड डिस्कवर दाबला जातो तो अख्खं कॅलिपर दोन पिनांवर सरकतं म्हणून. पावसाचं पाणी, खाडीकडची खारी हवा आणि सुकलेलं ग्रीस यांनी पिन अडली की आतला पॅड झिजून पत्र्याला लागतो आणि बाहेरचा तसाच राहतो. चाक काढून दोन्ही पॅड शेजारी ठेवले की निकाल समोर. पिनेला साधं ग्रीस फासू देऊ नका. त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. ब्रेकचं वेगळं ग्रीस मिळतं.

पुढचाकी ड्राइव्हच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकची सर्किटं (ऑइलच्या दोन स्वतंत्र वाटा) तिरकी जोडलेली असतात. एक पुढचं चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं असं एक सर्किट. एक सर्किट गेलं आणि पुढचं एकच चाक अडलं तरी गाडी भिरकावली जाऊ नये म्हणून चाकाचा वळण-अक्ष (चाक ज्या रेषेभोवती वळतं ती) जमिनीला टायरच्या मध्याच्या बाहेरच्या बाजूला टेकवतात. मग जास्त अडणारं चाक स्वतःच आत वळून खेच कापतं. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये ही युक्ती होती. तोटा असा, की अशा गाडीत लहानसा दोष लपूनही राहतो.

टायरमधली हवा दोन्हीकडे सारखी आहे ना, हे मात्र सगळ्यांत आधी बघा. त्यासाठी पैसे देऊन नायट्रोजन भरायची गरज नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. आणि बंपरला लटकवलेलं लिंबू-मिरची कॅलिपरपर्यंत पोचत नाही.

नव्या मुंबईत पाम बीच रोडवर पहाटे एक फेरी मारून पुढच्या दोन्ही डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. हात लावू नका. कपाळाचा ताप मोजणारं यंत्र इथे चालत नाही, त्याची मजल शरीराच्या तापमानापर्यंतच. जे चाक थंड, ते कामचुकार. ब्रेक फारसा न वापरताही एखादं तापलं असेल तर ते धरून बसलंय. मेकॅनिकला ते चाक जॅकवर उचलून कॅलिपरचा ब्लीड निपल (ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) सैल करायला सांगा. ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळं फिरलं तर दाब अडकला होता, म्हणजे होज बघा. तरीही घट्टच राहिलं तर पिस्टन किंवा पिन. होज आणि पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदला, आणि होज बदलल्यावर ऑइलमधली एअर काढून घ्यायला विसरू नका.