चौसष्ट चिन्हांचा ठसा

लातूरच्या ट्यूशन एरियातील एखाद्या क्लासने मे महिन्यात 'नीट'च्या नव्या तुकडीची जाहिरात मोबाईलवर दिली, असे धरून चालू. जिंतूरजवळच्या एका गावात एका वडिलांनी ती उघडली, चौकशीच्या अर्जात स्वतःचा फोन नंबर भरला आणि आठ दिवसांनी एसटीने लातूरला येऊन मुलीचा प्रवेश पक्का केला. फी काउंटरवर रोख भरली गेली, त्यामुळे जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीच्या संगणकाला पुढे काय घडले याचा पत्ताच लागला नाही. जाहिरात पाहणाऱ्याने प्रत्यक्ष व्यवहार करणे याला या धंद्यात 'कन्व्हर्जन' म्हणतात. ते मोजता आले नाही तर कोणत्या जाहिरातीने प्रवेश मिळवून दिले हे क्लासचालकाला कळत नाही, आणि पुढची जाहिरात कोणाला दाखवावी हे संगणकालाही शिकता येत नाही.

पूर्वी हे काम बरेचसे कुकीवर चालत असे. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली एक छोटी खूणचिठ्ठी. मात्र ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०२० मध्ये तिऱ्हाइताच्या, म्हणजे आपण पाहत असलेल्या संकेतस्थळाखेरीज इतरांच्या, कुकी पूर्णपणे रोखल्या, २०२१ मध्ये आयफोनवरील ॲपना माग काढण्याआधी परवानगी विचारणे बंधनकारक झाले, आणि काउंटरवरच्या रोख व्यवहारापर्यंत तर कुकी कधी पोहोचतच नव्हती. म्हणून गुगलचे 'एन्हान्स्ड कन्व्हर्जन्स' किंवा फेसबुक चालवणाऱ्या मेटाचे 'कन्व्हर्जन्स एपीआय' यांसारख्या सोयी पुढे आल्या. त्यांत दुकानदार वा क्लासचालक आपल्या ग्राहकाचा फोन नंबर किंवा ईमेल कंपनीला कळवतो, पण तो उघड्या रूपात न पाठवता त्याचा 'हॅश' करून पाठवतो.

हॅश म्हणजे मजकुराच्या अंगठ्याचा ठसा. त्यासाठी येथे वापरली जाणारी एसएचए-२५६ ही पद्धत अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने तयार केली आणि २००२ मध्ये ती तेथील प्रमाणक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात दहा आकडी नंबर घाला किंवा अख्खी ज्ञानेश्वरी घाला, बाहेर पडतो तो २५६ बिटांचा (बिट म्हणजे शून्य किंवा एक), म्हणजे चौसष्ट चिन्हांत लिहिता येणारा ठसा. तोच मजकूर दिला तर ठसा दर वेळी तोच येतो, पण नंबरातला एक आकडा बदलला तरी सुमारे निम्मे बिट पालटतात आणि दोन ठशांत कोणतेही साम्य उरत नाही. ठशावरून उलट जाऊन मूळ मजकूर काढून देणारे सूत्रही उपलब्ध नाही.

मग जुळणी होते कशी? खाते उघडताना आपण आपला नंबर त्या कंपनीला पूर्वीच दिलेला असतो. कंपनी तिच्याकडच्या नंबरांचेही असेच ठसे काढते, क्लासकडून आलेला ठसा त्यांत शोधते, आणि तो सापडला की जाहिरात उघडणारे खाते आणि प्रवेश घेणारा माणूस एकच असल्याचे तिला समजते.

ठसा तंतोतंत जुळावा लागत असल्यामुळे खरी मेहनत हॅश करण्याआधीच्या साफसफाईत असते, आणि आपल्याकडे ती जरा जास्तच करावी लागते. कोणी नंबराच्या आधी शून्य लावतो, कोणी मध्ये जागा सोडतो, तर कोणी देवनागरी अंक टाइप करतो. संगणकाच्या दृष्टीने '९' हा देवनागरी अंक आणि इंग्रजी नऊ ही दोन वेगळी चिन्हे असल्याने त्यांचे ठसेही वेगळे पडतात. गुगलला नंबर अधिकचिन्ह आणि ९१ लावून हवा असतो, मेटाला ९१ हवे असते पण अधिकचिन्ह नको असते. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच नंबराचे दोन ठिकाणी दोन निरनिराळे ठसे जातात. ईमेलमधील मोठी अक्षरे लहान करावी लागतात, मागेपुढे राहिलेल्या रिकाम्या जागा काढाव्या लागतात. नावावरून जुळवायचे म्हटले तर चव्हाण हे आडनाव रोमन लिपीत कोणी दोन 'एच' घालून लिहितो आणि कोणी एकच. वाचणाऱ्याला तो एकच माणूस असल्याचे कळते, हॅशला कळत नाही.

या सोयी विकताना 'माहिती हॅश केलेली आहे, म्हणून सुरक्षित आहे' असे सांगितले जाते. वाटेत यादी भलत्याच्या हाती पडली तर नंबर उघडे पडत नाहीत, एवढ्यापुरते ते काही अंशी खरे आहे. पण ठशावरून माणूस घडवता येत नसला, तरी सगळ्यांचे ठसे आधीच घेऊन ठेवले तर तो माणूस कोण हे सांगता येते. भारतातील मोबाईल नंबर दहा आकडी असून ६, ७, ८ किंवा ९ पासून सुरू होतात. म्हणजे शक्य नंबर अवघे ४०० कोटी. चांगले ग्राफिक्स कार्ड एका सेकंदात अब्जावधी एसएचए-२५६ हॅश काढते, तेव्हा सगळ्या नंबरांचे ठसे काढणे हे काही सेकंदांचे काम ठरते. पासवर्ड साठवताना हे टाळण्यासाठी प्रत्येकात वेगळा, कसाही निवडलेला मजकूर मिसळतात, मात्र येथे तसे केले तर दोन्हीकडचे ठसे जुळणारच नाहीत. ओळख पटवण्यासाठीच केलेली ही योजना ओळख लपवते असे म्हणणे मला तरी पटत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही हॅश केल्याने माहिती निनावी होत नाही, असे जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले.

आपल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही ज्या माहितीवरून किंवा जिच्या संबंधाने व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक माहितीच मानलेली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचता यायला हवी. लातूरच्या क्लासला अधिक लागू पडणारे कलम मात्र वेगळेच आहे: अठरा वर्षांखालील मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास हा कायदा मनाई करतो, आणि दहावीनंतर 'नीट'साठी येणारी बहुतेक मुले याच वयाची असतात. अर्जात वडिलांचा नंबर असेल तर एक गोष्ट, पण मुलीने स्वतःचा लिहिला असेल तर ठसा तिचा जातो. चौसष्ट चिन्हांत वय कुठेच दिसत नाही. ते प्रवेश अर्जावरच्या जन्मतारखेच्या रकान्यात असते, त्यामुळे यादी पाठवण्यापूर्वी विद्यार्थ्यांचे नंबर त्यातून वगळण्याचे काम अर्ज भरून घेणाऱ्या काउंटरवरच होऊ शकते.