कोलोटाइप आणि पिनाटाइप: काच तीच, जिलेटिन तेच, रंग मात्र उलट जागी

कोलोटाइप म्हणजे जिलेटिन लावलेल्या काचेत डाय, म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग, मुरवून तो कागदावर उतरवण्याची छायाचित्र-छपाईची पद्धत, अशी व्याख्या जुन्या छायाचित्रांवरच्या लेखांत आणि प्रदर्शनांतल्या पाट्यांवर सतत दिसते. ही व्याख्या पिनाटाइप या दुसऱ्याच पद्धतीची आहे. कोलोटाइपमध्ये डाय नसतोच. तिथे रोलरनं लावलेली छपाईची तेलकट शाई असते. काच, जिलेटिन आणि जिलेटिनला उजेडाची संवेदना देणारं बायक्रोमेट हे रसायन या तीन गोष्टी दोन्हींत आहेत, म्हणून कुणीतरी दोन्ही पद्धती एकाच वाक्यात बसवल्या आणि पुढच्यांनी ते वाक्य न तपासता उचललं. यातून नुकसान होतं. ज्या छापाला उजेडापासून जपायला हवं तो भिंतीवर टांगला जातो, आणि हौसेनं प्रयोग करणारा माणूस जिथे पॉझिटिव्ह (उजळ-गडद जागा मूळ दृश्यासारख्याच असलेली पारदर्शक प्रत) हवी तिथे निगेटिव्ह लावून अख्खी काच वाया घालवतो.

कोलोटाइपबद्दल फार सांगत बसत नाही. ऑफसेटची प्लेट कशी चालते हे ज्याला माहीत आहे त्याला कोलोटाइप निम्मं समजलेलंच असतं. पाणी धरणारी जागा तेलकट शाई नाकारते, पाणी न धरणारी जागा ती घेते. शिळाछपाईत हे काम दगड करतो, ऑफसेटमध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा करतो, कोलोटाइपमध्ये काचेवरचा जिलेटिनचा थर करतो. फ्रान्समध्ये आल्फोंस प्वातव्हँ यांनी 1855 मध्ये या तत्त्वाचं पेटंट घेतलं. 1868 च्या सुमारास म्युनिकमध्ये योझेफ आल्बेर्ट यांनी ते खऱ्या अर्थानं छापखान्यात आणलं. जाड काचेवरच्या खालच्या थराला त्यांनी काचेच्या मागून उजेड देऊन तो कडक आणि घट्ट केला, त्यामुळे एका काचेवरून शेकड्यांनी प्रती निघू लागल्या. पुढे हजार-दोन हजार प्रतींपर्यंत एक काच टिकू लागली. छायाचित्रकार मायब्रिज यांच्या धावत्या घोड्यांचा आणि चालत्या माणसांचा 1887 चा 781 पानांचा संच कोलोटाइपच आहे. आपल्याकडे कलकत्त्याच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या कचेरीत छापलेल्या कोलोटाइप प्लेटा (चित्रांची पानं) जुन्या संशोधन-पत्रिकांत सापडतात, आणि बहुतेकदा खालच्या कडेला पद्धतीचं नावही छापलेलं असतं. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याच्या बरेच आधी, बडोद्याच्या कलाभवनात असताना रतलामला जाऊन जे छपाईचं काम शिकले, त्यात तीनरंगी ब्लॉकांबरोबर कोलोटाइपही होतं. म्हणजे ही विद्या आपल्याला परकी नव्हती. पिनाटाइप मात्र आपल्याकडे जवळजवळ कुणी पाहिलेलंच नाही, आणि म्हणूनच त्याच्या व्याख्येला कोलोटाइपचं नाव चिकटलं असावं.

आता मुख्य मुद्दा. इथे घाई करू नये.

जिलेटिनमध्ये पोटॅशियम किंवा अमोनियम बायक्रोमेट मुरवलं आणि ते अंधारात वाळवलं की थर उजेडाला संवेदनशील होतो. जिथे उजेड पडतो तिथे क्रोमियमचं रूप बदलतं आणि ते जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं. चामडं कमावणारे क्रोमियमचे क्षार वापरतात तेव्हा चामड्यात हेच घडतं. असं कमावलेलं जिलेटिन थंड पाण्यात फुगत नाही. उजेड न पडलेलं जिलेटिन मऊ राहतं आणि पाणी पिऊन फुगतं. मधल्या छटांना मधला उजेड मिळतो, तिथे जिलेटिन थोडं फुगतं. इथपर्यंत दोन्ही पद्धतींत कणभरही फरक नाही. उरलेलं बायक्रोमेट धुऊन काढलं की तुमच्या हातात अशी काच असते, जिच्यावर पाणी कुठे किती शिरेल याचं एक चित्र आहे.

या काचेला आता काय लावायचं, यावर सगळं ठरतं. शाई लावली तर ती पाणी टाळते. म्हणून ती उजेड पडलेल्या, कडक झालेल्या जागी बसते. डाय लावला तर तो पाण्यात विरघळलेला असतो, पाणी जाईल तिथेच तो जातो. म्हणून तो उजेड न पडलेल्या, मऊ राहिलेल्या जागी शिरतो. एकाच काचेवर शाई आणि डाय एकमेकांच्या बरोबर उलट चित्र काढतात.

कोलोटाइपला निगेटिव्ह आणि पिनाटाइपला पॉझिटिव्ह का लागते, याचं उत्तर एवढंच आहे. निगेटिव्हमध्ये सावलीचा भाग पारदर्शक असतो. तिथून उजेड जातो, जिलेटिन कडक होतं, शाई बसते, सावली काळी छापली जाते. पॉझिटिव्हमध्ये सावली दाट असते. ती उजेड अडवते, जिलेटिन मऊ राहतं, डाय शिरतो, सावली गडद होते. कुठलीही कृती वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा की काचेवर निगेटिव्ह ठेवायची सांगितली आहे की पॉझिटिव्ह. ज्या लेखात याचं उत्तर नाही, त्या लेखकाला पद्धत कळलेली नाही असं मी सरळ धरतो.

हा फरक पक्का झाला की काय बिघडलं हेही कळायला लागतं. उजेड जास्त दिला गेला तर कोलोटाइप काळवंडतं आणि पिनाटाइप फिकं पडतं. आपल्या पावसाळ्यात हे फार उपयोगी पडतं. दमट, उबदार हवेत बायक्रोमेट लावलेलं जिलेटिन अंधारातसुद्धा हळूहळू कडक होत जातं, त्यामुळे काच तयार केली की लगेच वापरावी लागते. ती दोन दिवस ठेवली तर कोलोटाइपमध्ये पांढऱ्या जागांवर राखाडी शाई चढते. तीच काच पिनाटाइपला घेतली तर सावल्यांमध्ये डाय शिरतच नाही आणि छाप अशक्त येतो. चूक एकच, लक्षणं उलट. छापताना ओलावा वाढला की कोलोटाइप उजळ होतं, कारण पाणी धरलेली जागा आणखी शाई नाकारते. पिनाटाइपची काच डायमध्ये जास्त वेळ राहिली की छाप गडद होतो. पाण्याचा प्रत्येक जास्तीचा थेंब एका पद्धतीत रंग कमी करतो आणि दुसरीत वाढवतो, हे मनात ठसलं की कृती पाठ करावी लागत नाही.

पिनाटाइपचं श्रेय फ्रान्सच्या लेओं दिदिए यांना जातं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी ही पद्धत बसवली आणि जर्मनीतल्या होक्स्ट इथल्या रंग-कारखान्यानं तिचं साहित्य बाजारात आणलं. डाय मुरवून चित्र उतरवण्याची कल्पना मात्र त्याआधीची. शार्ल क्रो यांनी 1880 च्या सुमारास ती हायड्रोटाइप या नावानं मांडली होती. दिदिए यांचं खरं काम डायच्या निवडीत आहे. सगळे डाय कडक आणि मऊ जिलेटिनमध्ये भेद करत नाहीत. काही दोन्हींत शिरतात, काही कडक जिलेटिनही धरतात. मऊ जागी भरपूर शिरणारे आणि कमावलेल्या जागेला जवळजवळ न शिवणारे डाय हुडकणं हेच यातलं अवघड काम होतं. कुठलाही कापडाचा रंग घेऊन पिनाटाइप होईल असं सांगणारे लोक ही पायरी गाळतात आणि मग पांढऱ्या जागा मळकट आल्या की जिलेटिनला दोष देतात.

पुढचं काम सोपं आहे. लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून घेतलेल्या तीन निगेटिव्हांवरून तीन पॉझिटिव्ह, त्यांवरून तीन काचा. त्या काचा अनुक्रमे निळ्या, लाल आणि पिवळ्या डायमध्ये बुडवायच्या. मग जिलेटिनचा थर असलेला कागद भिजवून एकेका काचेवर दाबून बसवायचा आणि डाय कागदाच्या जिलेटिनमध्ये उतरेपर्यंत थांबायचं. काच पारदर्शक, त्यामुळे रजिस्टर, म्हणजे तिन्ही रंगांची एकमेकांवरची नेमकी जागा, डोळ्यांनी बघत जुळवता येतं. छाप निघाला की काच पुन्हा डायमध्ये, पुन्हा पुढचा कागद.

इतकं समजलेली माणसंही पुढच्या वळणावर अडखळतात, आणि त्यांना मी दोष देणार नाही. कोडॅकची डाय ट्रान्स्फर ही पद्धत 1940 च्या दशकातली. तिच्यातही जिलेटिन आहे, डाय आहे, कागदावर उतरवणं आहे. पण तिथे डाय कडक जिलेटिन धरतं. मग पिनाटाइपबद्दलचं वरचं सगळं खोटं ठरतं का? नाही. डाय ट्रान्स्फरमध्ये मऊ जिलेटिन शिल्लकच राहत नाही. ते सुमारे 49 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुऊन टाकतात. मागे राहतो तो कडक जिलेटिनचा उंचसखल उठाव, आणि डाय त्या उठावाच्या जाडीच्या प्रमाणात भरतो. त्याला निगेटिव्हच लागते. टेक्निकलर कंपनी 1928 पासून चित्रपटांच्या प्रती अशाच उठावावरून काढत होती. पिनाटाइपमध्ये गरम पाणी कुठेच येत नाही, आलं तर चित्रच वाहून जाईल. म्हणून कृतीत गरम पाण्यानं धुण्याची पायरी दिसली की ती पिनाटाइपची नाही, हे निश्चित समजावं. डायनं उतरवलेल्या प्रत्येक रंगीत छापाला पिनाटाइप म्हणणं मला अजिबात मान्य नाही. उठावाची पद्धत आणि फुगण्याची पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हातात छाप असेल तर ओळख फार कठीण नाही. दहा पटींचं भिंग पुरतं, कधी वीस पटींचं लागतं. कोलोटाइपमध्ये अतिशय बारीक, वळवळत्या सुरकुत्यांचा पोत दिसतो. जिलेटिन सुमारे 50 अंशांच्या उबेत वाळवताना त्याला पडलेल्या त्या सुरकुत्या. शाई थेट कागदावर असते, कागदाचे तंतू उघडे दिसतात. पिनाटाइपमध्ये कसलाच पोत नाही, छटा एकमेकींत विरघळत जातात, कडा किंचित मऊ असतात कारण डाय आडवाही सरकतो, आणि तिरप्या उजेडात कागदावरच्या जिलेटिनची चकाकी दिसते. ओळीत मांडलेले नियमित ठिपके दिसले तर तो यांपैकी कुठलाच नाही, तो हाफटोन ब्लॉक किंवा ऑफसेट. एक विनंती कळकळीची आहे. ओला कापूस कोपऱ्यावर घासून रंग सुटतो का ते बघा, असा सल्ला काही जण देतात. तो कृपया पाळू नका. पिनाटाइप असेल तर तुम्ही तो कोपरा कायमचा घालवलात. भिंगानं जे कळतं त्यासाठी पाणी कशाला हवं?

जिलेटिन ड्राय प्लेट हा शब्दही याच गोंधळात ओढला जातो. ती कॅमेऱ्यात घालायची चांदीच्या क्षारांची काच, रिचर्ड मॅडॉक्स यांच्या 1871 च्या शोधातून आलेली. छपाईशी तिचा संबंध नाही. हेक्टोग्राफ या प्रती काढण्याच्या जुन्या पद्धतीतही जिलेटिन आणि डाय असतात, पण तिथे उजेडाचं कामच नाही. यापलीकडे या दोघांवर शब्द खर्च करण्याची गरज नाही.

माझी पसंती विचाराल तर एकरंगी चित्रासाठी कोलोटाइपच. त्याच्या काळ्या छटांची खोली आणि कागदाचा उघडा पोत यांना पिनाटाइप पोचत नाही. एकाच डायचा पिनाटाइप मला नेहमी पाण्यात धुतल्यासारखा वाटतो. जपानमधल्या क्योटोच्या बेनरिदो छापखान्यात कोलोटाइप आजही चालतं. त्यांनी 1935 मध्ये होर्युजी मंदिराच्या भित्तिचित्रांची मूळ आकाराची छायाचित्रं घेऊन ठेवली होती. 1949 च्या आगीत ती चित्रं जळाली, आणि नंतरच्या अभ्यासाला आणि प्रतिकृतींना त्या छायाचित्रांचा आणि त्यांवरून काढलेल्या कोलोटाइप छापांचा आधार मिळाला. शाईतलं रंगद्रव्य टिकतं, म्हणून अशा कामाला मी डायवर कधीच विसंबणार नाही. तीन रंग एकमेकांवर पारदर्शकपणे चढवायचे असतील आणि मोजक्याच प्रती हव्या असतील, तर मात्र पिनाटाइपच्या रंगांची ओलसर झळाळी कोलोटाइपला साधत नाही.

कुठलीही पद्धत करा, बायक्रोमेटला उघड्या हातानं शिवू नका. ते विषारी आहे, कर्करोगकारक आहे, आणि त्याची पूड श्वासात जाणं सगळ्यात वाईट. स्वयंपाकघरात हे काम करूच नये. हातमोजे, मास्क, वेगळी भांडी, आणि उरलेलं द्रावण मोरीत न ओतता नीट जमा करून घातक रासायनिक कचरा म्हणून देणं, एवढं जमत नसेल तर छाप जमवावेत, करू नयेत.

जमवणाऱ्यांनी कोलोटाइप आम्लमुक्त माउंटवर चौकटीत लावून खुशाल भिंतीवर ठेवावं. पिनाटाइप असेल तर ते पेटीत, कोरड्या जागी, जिलेटिनचा थर दुसऱ्या कागदाला चिकटू नये म्हणून मध्ये, बटरपेपरसारखं काही न घालता, अभिलेखागारात वापरतात तसं गुळगुळीत पॉलिएस्टर घालून ठेवावं. दाखवायला काढाल तेव्हा मंद उजेडात काढा. पद्धतीची खात्री होईपर्यंत पाठीमागे पेन्सिलीनं फक्त दिसतं तेवढंच लिहा: जिलेटिन-कागदावर डाय, तीन रंग, ठिपके नाहीत.